कच्च्या वहीतील नोंद

भाद्रपद सरत आला की मुरबाडच्या बाजारपेठेत उधारीच्या वह्या जाड होऊ लागतात. भात अजून शेतात उभे असते, शेतकऱ्याच्या हाती रोकड नसते आणि तेल, मीठ, साखर वहीत लिहून घरी जाते. कापणी होऊन भात विकले गेले की दिवाळीच्या आगेमागे खाती मिटतात. शहापुरात आणि किन्हवलीच्या बाजारातही हाच क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे.

अशा दिवसांतील एक प्रसंग कल्पावा. वीस वर्षांचे जुने गिऱ्हाईक रस्त्याने येते, दुकानाकडे मान न वळवता पुढे जाते आणि चार दुकाने सोडून नव्या दुकानात शिरते. गादीवर बसलेले शेठ हे पाहतात. त्या संध्याकाळी सूर्यास्तापूर्वीच्या जेवणात त्यांना घास उतरत नाही. रात्री झोप येत नाही. सकाळी दुकान उघडायला नेहमीपेक्षा अर्धा तास उशीर होतो, आणि पुढच्या आठवड्यात तो तासावर जातो. घरातील माणसे विचारतात तेव्हा ‘काही नाही, पित्त आहे’ एवढेच उत्तर मिळते. व्यापारी घरांत मनाच्या दुखण्याला पित्ताचे नाव फार लवकर दिले जाते.

गिऱ्हाईक गेल्यामुळे शेठ खचले, असे कोणीही म्हणेल. मानसशास्त्रातील बोधात्मक दृष्टिकोन येथे थोडे थांबायला सांगतो. गिऱ्हाईक जाणे आणि शेठ खचणे या दोहोंच्या मध्ये एक वाक्य आहे. ते कोणी उच्चारलेले नाही; ते शेठच्याच मनात क्षणार्धात उमटून गेले आहे : ‘पेढीची पत गेली. वडिलांनी उभे केलेले माझ्या हातून बुडणार.’ जेवण आणि झोप हिरावली ती या वाक्याने.

हे मधले वाक्य शोधण्याचे श्रेय प्रामुख्याने दोघांना दिले जाते. न्यूयॉर्कमधील अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास आपली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. फिलाडेल्फियाचे डॉ. एरन बेक हे मूळचे मनोविश्लेषणाच्या परंपरेतील. स्वतःविरुद्ध वळलेला राग म्हणजे नैराश्य, हा त्या परंपरेचा सिद्धान्त सिद्ध करावयास ते निघाले होते. रुग्णांची स्वप्ने आणि बोलणे तपासताना त्यांना रागाऐवजी हानी आणि अपयश यांचेच विचार पुन्हापुन्हा आढळले. तेव्हा त्यांनी सिद्धान्त सोडला आणि पुरावा स्वीकारला. हा प्रामाणिकपणा त्यांच्या शोधाइतकाच मोलाचा आहे. आपोआप उमटणाऱ्या या विचारांवर त्यांनी 1960 नंतरच्या दशकात उपचारपद्धती उभारली. महाराष्ट्रात एलिस यांची पद्धती रुजविण्यात प्रा. कि. मो. फडके यांचा वाटा मोठा. एलिस यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ पत्रव्यवहार होता. ठाणे शहरात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेमुळे हा विचार मराठी घरांपर्यंत पोहोचण्यास साहाय्य झाले.

व्यापाऱ्याला ही पद्धत समजावून सांगणे तसे अवघड नाही. कच्च्या वहीत घाईने केलेली नोंद पावती ताडून पाहिल्याशिवाय पक्क्या वहीत चढत नाही, हे दुकानातल्या पोरालाही ठाऊक असते. मन मात्र हा नियम पाळत नाही. ‘पत गेली’ ही नोंद ते कोणतीही पावती न मागता थेट खतावणीत चढविते आणि त्यावर व्याज आकारू लागते. उपचारात समुपदेशक प्रथम कागद मागतो. काय घडले, मनात कोणते वाक्य आले, त्या वाक्याच्या बाजूने काय पुरावा आहे, विरुद्ध काय आहे, आणखी कोणता अर्थ संभवतो, हे सारे लिहावयाचे असते. नुसते मनात घोळवून भागत नाही.

शेठनी हे लिहावयास घेतले तर काय निघेल? त्याच दिवशी अकरा जुनी गिऱ्हाइके दुकानात येऊन गेली होती. ती लक्षातही राहिली नाहीत. हानीचे दुःख तेवढ्याच लाभाच्या आनंदाहून सुमारे दुप्पट जड असते, असे डॅनियल काहनेमन आणि एमॉस ट्व्हर्स्की यांच्या संशोधनातून दिसून आले. एक गेलेले गिऱ्हाईक अकरा आलेल्यांना झाकून टाकते, त्याचे कारण येथे असावे. मग वही उघडली की दिसते, गेलेल्या माणसाच्या नावे आषाढापासून बाकी साचली आहे. ज्याच्याकडे द्यायला पैसे नाहीत तो सावकाराच्या दारावरून मान खाली घालून जातो, हे या तालुक्यांत कोणाला नवे आहे? शेठ स्वतःची पत गेली म्हणून रात्र जागून काढीत असतील, आणि वाडीवरचा तो माणूसही आपली पत गेली म्हणूनच जागत असेल.

प्रतिक्रमण करणाऱ्या वाचकाला हा लेखी प्रकार ओळखीचा वाटेल. साम्य आहे, पण भेदही ध्यानात ठेवावा. प्रतिक्रमणात स्वतःच्या आचरणातील दोष पाहिला जातो. येथे तपासला जातो तो निष्कर्ष. पुष्कळदा असे आढळते की ज्या दोषासाठी माणूस स्वतःला जाळीत होता, तो घडलाच नव्हता. अनेकांताचा संस्कार येथे उपयोगी पडतो, मात्र तो केवळ प्रवचनापुरता उरला नसेल तर.

या पद्धतीविषयी एक गैरसमज फार पसरला आहे. ‘चांगला विचार करा, सारे चांगले होईल’ असे ती सांगत नाही. तपासणीअंती वाईट शंका खरीही ठरू शकते. नव्या दुकानात तेलाचा डबा खरोखरच स्वस्त मिळत असेल, तर मनाची समजूत घालण्यात अर्थ नाही. खरेदीचा भाव पाहावा लागतो. शिवाय प्रत्येक खिन्नता कागद-पेन्सिलीने हटत नाही. दोन आठवडे उलटूनही झोप, भूक आणि कामातील रस परत येत नसेल, जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर पित्ताचे चूर्ण बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जाणेच योग्य. ठाण्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय 1901 पासून याच जिल्ह्यात उभे आहे. 14416 या टेलि-मानस क्रमांकावर 2022 पासून मराठीतही विनामूल्य बोलता येते, आणि त्यासाठी मुरबाडहून कल्याण गाठावे लागत नाही. मुलीच्या स्थळाला अडचण येईल या भीतीने पुष्कळ कुटुंबे येथेच अडतात. ती भीतीसुद्धा एकदा कागदावर लिहून पाहण्यासारखी आहे.

शेठच्या कागदावर शेवटचा रकाना कृतीचा असतो. अंदाजांपैकी कोणता खरा, हे गादीवर बसून कळत नाही. बाजाराच्या दिवशी त्या माणसाला हाक मारावी, चहा मागवावा आणि उधारीचा विषय न काढता बरेच दिवसांत दिसला नाहीस, एवढेच विचारावे. तो कदाचित भाताची वाट पाहत असल्याचे सांगेल. कदाचित तेलाचा भाव सांगेल. घरात कोणी आजारी असल्याचेही सांगेल, आणि मग त्या दिवशीचा चहा बराच लांबेल.