वरण-भाताचं नव्हे, छपराचं बिल!

मंडळी, रत्नागिरीतला सगळ्यात देखणा बंगला लंच देत नाही. अर्थात थिबा पॅलेस! ब्रिटिशांनी 1885 मध्ये ब्रह्मदेशच्या थिबा राजाचं राज्य घेतलं, त्याला रत्नागिरीत आणून ठेवलं आणि 1910 च्या सुमारास हा राजवाडा बांधून दिला. राजेसाहेब त्यात जेमतेम सहा वर्षं जेवले, 1916 मध्ये गेलेच. आता तिथे म्युझियम आहे. लाकडी खिडक्या बघा, फोटो काढा आणि बाराच्या आत बाहेर पडा.

कारण रविवारचं जेवण आहे शहराबाहेर, चिऱ्याच्या घरात. आसपासच्या गावांत काही जुनी घरं डागडुजी करून पाहुण्यांसाठी उघडलीयत. ओटीवर झोपाळा, पडवीत टेबलं, मागे आगर. फोन शनिवारी दुपारपर्यंत करायचा आणि माणसं मोजून सांगायची. ‘सहा-सात जण येऊ’ असलं नाही चालत, बॉस! इथे नारळ माणसं मोजून खोवतात.

मार्च-एप्रिलात गेलात तर ओल्या काजूगरांची उसळ मिळेल. मे महिन्यात फणसाची भाजी आणि आंब्याचं रायतं. जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा सुरमईचा हट्ट सोडा आणि कुळथाच्या पिठल्याबरोबर गरम भात ओढा. सोलकढी मात्र बारा महिने. ती फारच भडक गुलाबी दिसली, तर बिटाचा संशय घ्यायला हरकत नाही.

मग बिल येतं आणि ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, ‘एवढे? वरण-भाताचे?’

अहो, हे बिल वरण-भाताचं नाही, छपराचं आहे. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ, मग हवेवर कठीण होत जातो. त्याच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. घर जातं ते वरून. माकडं उड्या मारून कौलं फोडतात, फुटक्या कौलातून पाऊस वाशावर येतो, वासा कुजतो, वाळवी लागते आणि काही पावसाळ्यांत आढं खाली. म्हणून दर वर्षी पावसाआधी कौलं काढायची, झाडायची, फुटकी बदलायची, पुन्हा रचायची. याला म्हणतात शाकारणी. त्याला गडी लागतात, आणि गावात गडी उरलेत कुठे? घराच्या उताऱ्यावर वीस नावं, त्यातली अठरा मुंबई-पुण्यात. पैसे कुणी भरायचे यावर गणपतीत मीटिंग, निर्णय पुढच्या गणपतीत!

जेवण झाल्यावर त्याच झोपाळ्यावर बसून आपल्या गावच्या घराच्या आठवणीने हळवे होणारे पुष्कळ भेटतात. त्यांना मी एकच विचारतो, यंदा शाकारणीला किती पाठवलेत? विषय लगेच हापूसकडे वळतो.

शेजारच्या गोव्यात एका जोडप्याने पैसे पाठवण्याच्या पुढे जाऊन अख्खं घरच हाती घेतलं. केप्याला चर्चसमोर एका पोर्तुगीज डीनने 1787 मध्ये बांधलेला ‘पालासियो दो देआंव’ पडायला आला होता. या दोघांनी तो दुरुस्त केला आणि आगाऊ कळवून येणाऱ्यांना तिथे इंडो-पोर्तुगीज जेवण वाढायला सुरुवात केली. घर हिंडून बघायचं आणि मग जेवायचं. आपल्याकडे तेवढा मोठा वाडा नसेल, पण माजघर तर आहे!

नकली मालही आलाय, सांभाळा. बाहेर कौलं, आत पीओपीचं सीलिंग, मेनूत पनीर टिक्का. ओळखायची युक्ती सोपी आहे. वाढणाऱ्या काकूंना विचारा, ‘शाकारणी कधी झाली?’ खऱ्या घरात या प्रश्नाला दहा मिनिटांचं उत्तर मिळतं, त्यात मजुरीचा दर आणि माकडांना दोन शिव्याही असतात. तोवर ताटात आणखी एक घावन पडलेलं असतं.

आणि चांगलं घर सापडलं तर ते ऑफिसच्या ग्रुपवर टाकायची घाई करू नका. एका वेळी पंधरा-वीस पानंच मांडतात तिथे.