कपडे धन्याचे, मग वेळ कोणाचा?

अमेरिकेच्या मिशिगन प्रांतात माउंट क्लेमेन्स म्हणून एक गाव आहे. तेथे मातीची भांडी करण्याचा मोठा कारखाना होता. आमच्या कुंभार बांधवांनी जरा कान देऊन ऐकावे, कारण ही त्यांच्याच धंद्याची हकीकत आहे. फक्त चाक घरच्या अंगणातून उठून शेटजीच्या छपराखाली गेल्यानंतरची आहे.

त्या कारखान्यात फाटकातून आत आले की घड्याळाच्या यंत्रात आपले कार्ड घालून वेळ उमटवायची. मग आपल्या जागेपर्यंत चालत जायचे. अंगावर एप्रन किंवा ओव्हरऑल चढवायचे, हाताला वंगण फासायचे अगर पट्ट्या गुंडाळायच्या, बोटांना टोप्या घालायच्या, खिडक्या उघडायच्या, यंत्राची बटणे दाबायची. इतके झाले की मजुरी सुरू! समजा, एक गडी सकाळी ६ वाजून ४६ मिनिटांनी आत आला, दुपारी १२ वाजून १४ मिनिटांनी जेवायला बाहेर पडला, १२ वाजून ४६ मिनिटांनी परत आला आणि ४ वाजून १४ मिनिटांनी सुटला. धन्याच्या वहीत त्याचे काम किती? सात ते बारा आणि एक ते चार, म्हणजे आठ तास. घड्याळ धन्याचे, भिंत धन्याची, कार्डही धन्याचेच. आणि त्या घड्याळानेच उमटवलेली रोजची ५६ मिनिटे वहीत नाहीत! ही सगळीच मिनिटे कामात गेली असे न्यायालयानेही म्हटले नाही, आम्हीही म्हणत नाही. पण त्यांतले एकही मिनिट कामाचे नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे?

सात कामगार आणि त्यांची युनियन कोर्टात गेली. १० जून १९४६ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की धन्याच्या आवारात, धन्याच्या गरजेसाठी चालण्यात आणि कामाची तयारी करण्यात जो वेळ जातो तो कामाचाच वेळ होय. (१० जून ही तारीख आमच्या वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. १८९० साली ह्याच तारखेला मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुटी कबूल केली. योगायोग आहे, पण आम्हाला गोड वाटला.)

न्याय झाला खरा, पण तो पचला नाही. तेच प्रकरण खालच्या कोर्टात परत आले, तेव्हा फेब्रुवारी १९४७ मध्ये न्यायाधीशांनी तो वेळ नगण्य ठरवून दावा काढून टाकला. इकडे देशभर कामगारांनी असेच दावे लावले होते. मागणी जवळजवळ ६ अब्ज डॉलरांवर गेली. लगेच धनिकांची बोंब उठली आणि मे १९४७ मध्ये तेथील काँग्रेसने कायदा केला, की चालण्याचा आणि कामाच्या आधी-नंतरच्या तयारीचा वेळ करारात किंवा रिवाजात असेल तरच मजुरीचा, एरवी नाही. पुढचे दावे बंद केलेच, पण मागचेही बुडवले.

आता आम्ही विचारतो, जी गोष्ट नगण्य होती तिची बेरीज अब्जांवर कशी गेली? एका गड्याची दहा मिनिटे पाहिली तर चिमूटभर पीठ. पण हजार घरांतून चिमूट चिमूट पीठ रोज उचलणाऱ्याच्या घरी कणगी भरते, हे शेतकऱ्याच्या बायकोला सांगावे लागत नाही. आणि मिनिट नगण्य म्हणता, ते फक्त देताना. घेताना तसे नसते. आपल्याकडे १९३६ साली मजुरी देण्याबद्दलचा कायदा झाला. त्यात गडी जितका वेळ गैरहजर, तितक्या प्रमाणात मजुरी कापण्याची मुभा धन्याला दिली होती. दहा किंवा अधिक माणसांनी नोटीस न देता मिळून काम सोडले, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापण्याचीही सोय होती. म्हणजे कापायच्या वेळी मिनिटाला वजन आहे. मोजून द्यायच्या वेळी ते वाऱ्यावर उडते!

काही शहाणे म्हणतात, ‘अहो, कपडे तर प्रत्येकजण घालतो. कारकून घरून कोट घालून निघतो, तो काय त्याचे पैसे मागतो?’ ह्या शहाण्यांना आम्ही एवढेच विचारू, की कारकुनाचा कोट कोणता हे कोण ठरवतो? घरी जाताना तो खुंटीला टांगून ठेव, असा हुकूम त्याला आहे काय? जे कपडे मी माझ्या मर्जीने, माझ्या घरी घालतो, तो वेळ माझा. जे कपडे धन्याच्या हुकमाने, त्याच्या आवारात, त्याच्या मालासाठी अगर त्याच्या यंत्रापासून जीव वाचवण्यासाठी चढवावे लागतात, तो वेळ त्याचा. ह्यात अवघड काय आहे? १९३० साली जिनेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने दुकाने व कचेऱ्यांसाठी ठराव केला, त्यात कामाचे तास म्हणजे नोकर ज्या वेळात धन्याच्या दिमतीला असतो तो वेळ, अशीच व्याख्या केली आहे.

कारागिराला हे रक्तातून कळते. कुंभार माती तुडवतो, भट्टी रचतो, ते सारे मडक्याच्या किमतीत धरतो. सुतार हत्याराला धार लावत बसतो, लोहार भाता फुंकतो. त्याचे वेगळे पैसे कोणी मागत नाही, कारण तो वस्तू विकतो. ज्याची वस्तू गेली, हत्यार गेले, आणि विकायला फक्त दिवस उरला, त्याच्या दिवसातलेच तुकडे फुकट मागणे म्हणजे कुंभाराला माती तुडवायची मजुरी नाही म्हणून सांगणे होय.

त्या अमेरिकेतच पुढे काय झाले तेही ऐकण्याजोगे आहे. विजेच्या बॅटऱ्या करण्याच्या कारखान्यात शिशाची विषारी धूळ आणि तेजाब. काम संपल्यावर आंघोळ करून कपडे बदलल्याशिवाय घरी जाणे म्हणजे विष पोराबाळांत नेणे. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की हा वेळ कामाचा अविभाज्य भाग आहे, त्याची मजुरी द्या. पण १९४९ सालीच कायद्यात अशी एक फट ठेवली होती, की युनियनने करारात कपडे बदलण्याचा वेळ सोडून दिला तर तो गेला. गॅरी येथील पोलाद कारखान्याच्या कामगारांनी २०१४ साली त्याच फटीत हात अडकवून घेतला. आगीपासून वाचवणारी जाकिटे, विजारी, हातमोजे हे सारे न्यायालयाने नुसते ‘कपडे’ ठरवले, आणि करारात पैसे नाहीत म्हणून निकालातही नाहीत. त्याच वर्षी ॲमेझॉनच्या नेवाडातील गोदामांत पाळी सुटल्यावर चोरी नाही ना हे तपासण्यासाठी रांगेत उभे केलेल्या मजुरांनाही रित्या हाताने परतवले. तपासणी कोणाच्या मालासाठी? धन्याच्या. पाय कोणाचे दुखले? ते विचारू नका.

आपल्याकडची वाट काही निराळी नाही. १८८४ साली ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांनी मागण्या मांडल्या, तेव्हाच त्यांत दिवस किती वाजता उगवायचा, किती वाजता मावळायचा आणि दुपारी अर्धा तास विसावा, हे स्पष्ट लिहिले होते. वेळेचे मोजमाप आधी, मग बाकीचे, हे त्या माणसाला कळले होते. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्यात ४३ वे कलम आले: कामाच्या वेळी अंगावर नसलेले कपडे ठेवायला आणि ओले वाळवायला जागा करण्याचा नियम सरकारला करता येईल. धोतराला खुंटी मिळाली. धोतर सोडून विजार चढवण्याच्या मिनिटांना मिळाली नाही. आता २०२० ची नवी संहिता आली आहे. आमच्या शेतकऱ्यांची पोरे चाकणला, रांजणगावला पाळीवर जातात. त्यांनी घरी येऊन सांगावे, की हजेरी कोठे लागते: फाटकाशी, की ड्रेस, बूट, टोप घालून लाइनीवर उभे राहिल्यावर?

आणि शेतकरी वाचकाने रागावू नये, पण खुरपणीच्या बाया गावातून आपल्या गाडीत बसवून दोन कोस लांबच्या रानात नेता, तेव्हा त्यांचा दिवस कोठून मोजता? गाडीत चढल्यापासून, की पहिल्या पातीला खुरपे लागल्यापासून? शेटजीचा हिशेब आपल्या बांधावर चालवून आपल्या पोराने कारखान्यात निराळा मागावा, हे काही जुळत नाही.

म्हणून येत्या करारात प्रत्येक युनियनने एक ओळ लिहून घ्यावी. हजेरीचे यंत्र कपडे बदलण्याच्या खोलीच्या अलीकडे, फाटकाच्या बाजूला बसले पाहिजे. जाताना पुन्हा तेथेच, आंघोळ करून स्वतःचे कपडे घातल्यावर, कार्ड लागले पाहिजे. मालक म्हणेल, मग लोक कपडे बदलायला तासभर लावतील. त्याने दहा मिनिटे ठरवावीत, पंधरा ठरवावीत, आमची ना नाही. पण ठरवलेल्या मिनिटांची मजुरी पगाराच्या चिठ्ठीवर निराळ्या ओळीत दिसली पाहिजे. आणि ती ओळ नसलेल्या करारावर सही करायला कोणी पुढारी निघाला, तर सही करण्याआधी त्याला एकदा त्या खोलीत उभे करून बूट, टोप, हातमोज्यांसकट सगळा पोशाख चढवायला लावावा, आणि बाहेर कोणीतरी घड्याळ धरून उभे राहावे.