लाटणेवालीचा परवाना

दारुड्याच्या विनोदात बायको हमखास लाटणं घेऊन दारामागे उभी! लिहिणाऱ्यांनी एकदा डोंबिवलीला मध्यरात्री येऊन पाहावं. लाटणं केव्हाच धुऊन ठेवलेलं. ती गॅलरीत. शेवटची कर्जत लोकल गेली, स्वारी फोन उचलत नाही. पोलिसांना विचारावं तर अब्रू जाते, न विचारावं तर जीव. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने त्याला प्यायला परवाना लागतो (आजन्म परवानाही मिळतो, बरं का!), गाडी हाकणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर मद्य निघालं की गुन्हा. हिच्या जागरणाची नोंद मात्र कुठल्याच खात्यावर नाही. उलट स्वारीच चौकटीला धरून विचारते, "अगं, झोपायचं नाही का? उद्या डबा कोण करणार?"