उतरते ते वजन की पाणी?

पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्णपदक जिंकले. तेव्हापासून बीडच्या तालमींत पोरांची गर्दी वाढली, तर आनंदच आहे. मात्र स्पर्धेच्या तोंडावर पाणी तोडून, अंगात प्लास्टिक घालून धावत ‘वजन मारण्याची’ पद्धत धोक्याची आहे.

दोन दिवसांत तीन किलो उतरतात ती चरबी नसते, बहुतेक पाणीच असते. पाणी घटले की रक्त घट्ट होते, हृदयाचे ठोके वाढतात, मूत्रपिंडांवर ताण येतो. १९९७च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल दगावले. त्यानंतर तिथले नियम बदलले.

घोड्यांच्या शर्यतीतील जॉकींचे हाल याहून मोठे. मल्ल वर्षातून काही वेळाच काट्यावर चढतो. महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवरचा जॉकी मात्र हंगामभर, शर्यतीआधी आणि नंतरही, खोगिरासह तोलला जातो. वजन जास्त भरले तर घोडा दुसऱ्याकडे जातो, त्यासोबत कमाईही. घाम गाळून वजन घटवणे थांबावे म्हणून ब्रिटनने रेसकोर्सवरच्या वाफेच्या खोल्या कायमच्या बंद केल्या.

आपल्याकडे तालुका आणि जिल्हा स्पर्धांत वजनाबरोबर लघवीची तपासणीही व्हावी. शरीरात पाणी पुरेसे आहे का, हे त्यातून कळते. आणि वस्तादांनो, वाढत्या वयाच्या पोराचे वजन वाढणारच. त्याला उपाशी-तहानलेला ठेवू नका, वरच्या गटात उतरवा.