इमला एकाचा, घाण दुसऱ्याच्या दारीं!

बांधवहो, पाणी उताराकडे जातें हें कुणब्याच्या पोरास शिकवावें लागत नाहीं. परंतु आपल्या देशांत घाणही नेहमीं खालच्याच्याच दारीं कां लोटली जाते, याचा विचार आपण कधीं करणार?

वांगणी स्टेशनाभोंवतीं भाताचीं खाचरें होतीं. आज तेथें मजल्यांवर मजले चढले आहेत. मुंबईंत घर परवडेना म्हणून जीं माणसें येथवर आलीं, तीं आपल्यासारखींच कष्टकरी. त्यांच्यावर आमचा मुळींच रोष नाहीं. आमचा सवाल इमले विकून नफा गांठीं मारणारांस आहे. शेटजी, मोरीचें व संडासाचें पाणी कोठें सोडलें, तें सांगा!

हिशेब सोपा आहे. 2019 सालच्या जल जीवन मिशनांत खेड्यांत दर माणशीं रोज 55 लिटर पाणी धरलें आहे. त्यांतील सुमारें शेंकडा 80 भाग सांडपाणी होऊन बाहेर पडतो. म्हणजे हजार वस्तीमागें रोज 44,000 लिटर. नळाचा नारळ फोडावयास पुढाऱ्यांची झुंबड उडते, गटाराच्या कामीं मात्र सारे नाकाला रुमाल लावतात!

कर्जत-नेरळाकडून येणारी उल्हास नदी वांगणीवरून बदलापुरास जाते. तेथें बंधाऱ्यावर तिचेंच पाणी उचलून शहरांस पाजतात. वरच्या गांवानें नदींत सोडावें, खालच्यानें तें प्यावें! पुढें मोहन्याकडे नदीवर जलपर्णी माजते, ती सांडपाण्यांतल्या नत्र-स्फुरदावर. जें खत जमिनीस मिळावयाचें तें नदींत घालवावयाचें, आणि खताच्या गोणीसाठीं दुकानदाराचे पाय धरावयाचे, हा कोणता शहाणपणा?

आणि संडासाची टांकी तुंबली म्हणजे कोणास हांक मारतात? ज्याच्या हातचें पाणी चालत नव्हतें, त्यालाच! घाण करणारा सोंवळा आणि काढणारा ओंवळा, हा न्याय अजून सुटत नाहीं. संरक्षणाच्या साधनांवांचून टांकींत माणूस उतरविणें 2013 च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे. ऑक्टोबर 2023 मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. पण पैशानें कोणाचा बाप परत येतो काय?

‘पंचायतीपाशीं पैसा नाहीं’ हें पालुपद आतां पुरे. स्वच्छ भारत मिशनाच्या 2020 सालच्या दुसऱ्या टप्प्यांत सांडपाण्यासाठीं 5,000 वरील वस्तीच्या गांवास माणशीं 660 रुपयांपर्यंत, त्याहून लहान गांवास 280 रुपयांपर्यंत मदत ठरली. पंधराव्या वित्त आयोगानें 2021 पासून पंचायतींच्या अनुदानाचा शेंकडा 60 भाग पाणी व स्वच्छता यांसाठींच बांधून दिला. तो कोठें खर्च झाला, हें विचारण्याचा तुम्हांस हक्क आहे.

उपाय राजवाड्याच्या खर्चाचा नाहीं. सुट्या घरास न्हाणीच्या पाण्यापुरता शोषखड्डा, तोही विहिरीपासून दूर. चाळीस व इमारतीस पक्की टांकी. तींत गाळ खालीं बसतो. वरचें पाणी खडीच्या वाफ्यांत सोडून त्यावर कर्दळ लावावी. खडीवरचे सूक्ष्म जीव मैला खातात, मुळें त्यांस साह्य करतात. तें पाणी झाडांस द्यावें. टांकींतला गाळ यंत्रानेंच उपसावा, माणसानें नव्हे.

तेव्हां येत्या ग्रामसभेस मागच्या रांगेंत मुकाट बसूं नका. बायांनींही यावें, दारांतलें डबकें त्यांनाच ओलांडावें लागतें. दोनच ठराव मांडा: सांडपाण्याची सोय दाखविल्याशिवाय नव्या इमारतींत कोणी राहावयास जाऊं नये, आणि पंचायतीनें स्वच्छतेच्या पैशाचा हिशेब चावडीवर लावावा. जो पुढारी या ठरावांस हात वर करणार नाहीं, त्याला मत मागावयास आला म्हणजे तुमच्या दारांतलें गटार दाखवा!