लवकर लॉक की कमी नॉइज? आधी विचारा, नॉइज कुणाचा!

ओरलमध्ये पीएलएल निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "लूपची बँडविड्थ वाढवली तर काय होईल?" उत्तर सगळ्यांना पाठ असतं: "सर, लॉक लवकर होईल, पण नॉइज वाढेल." एक्स्टर्नल मान डोलावतात, पुढचा प्रश्न विचारतात, विषय संपतो. माझं स्पष्ट मत आहे की हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. आणि अर्ध्या उत्तराला पूर्ण मार्क मिळत गेले, की उरलेलं अर्धं शोधायला कुणी जात नाही.

आधी थोडी उजळणी. फेज डिटेक्टर रेफरन्स आणि व्हीसीओ यांच्या फेजमधला फरक काढतो. लूप फिल्टर तो फरक गाळून घेतो. त्यातून मिळालेलं व्होल्टेज व्हीसीओला रेफरन्सच्या मागे मागे चालवतं. फ्रान्सच्या आंरी द बेल्सिझ यांनी १९३२ साली रेडिओ रिसेप्शनसाठी ही कल्पना मांडली आणि आज ती मोबाईलपासून प्रोसेसरच्या क्लॉकपर्यंत सगळीकडे आहे.

आता मुद्दा. या लूपमध्ये नॉइज करणारे दोन गट असतात. पहिला गट रेफरन्स, फेज डिटेक्टर आणि डिव्हायडर यांचा. दुसरा म्हणजे खुद्द व्हीसीओ. गणपतीतलं ढोल-ताशा पथक डोळ्यांसमोर आणा. ताशावाला म्हणजे रेफरन्स, ढोलवाला म्हणजे व्हीसीओ. ढोलवाल्याने ताशाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर हात बदलला, तर तो ताल पटकन पकडेल, पण ताशावाल्याची प्रत्येक चूकसुद्धा तशीच ढोलावर येईल. उलट त्याने चार-पाच ठोके ऐकून सावकाश हात जुळवला, तर ताशाच्या चुका गाळल्या जातील, पण त्याचा स्वतःचा हात भरकटला तर तो लवकर सुधारणार नाही.

बँडविड्थचंही तेच आहे. पहिल्या गटाच्या नॉइजसाठी लूप हा लो-पास फिल्टर असतो आणि व्हीसीओच्या नॉइजसाठी हाय-पास. म्हणजे बँडविड्थ वाढवली की पहिल्याचा नॉइज वाढतो आणि दुसऱ्याचा कमी होतो! चिपवरचा रिंग ऑसिलेटर मुळातच नॉइजी असतो. रेफरन्स स्वच्छ असेल तर तिथे बँडविड्थ वाढवल्यावर बऱ्याचदा लॉक लवकर होतो आणि नॉइजही उतरतो. मग कुठे गेला तो ट्रेड-ऑफ? दोघांच्या नॉइजचे ग्राफ जिथे एकमेकांना छेदतात, त्याच्या आसपास नॉइजसाठी सर्वात चांगली बँडविड्थ सापडते. भांडण सुरू होतं ते त्याच्या पुढे.

हे भांडण खरंखुरं कसं असतं ते जीएसएममध्ये दिसतं. चॅनेलमधलं अंतर २०० किलोहर्ट्झ. साध्या इंटीजर पीएलएलमध्ये रेफरन्सही २०० किलोहर्ट्झच घ्यावा लागतो, म्हणजे ९०० मेगाहर्ट्झसाठी डिव्हायडर झाला ४५००. रेफरन्सकडचा नॉइज २० लॉग एन या हिशोबाने ७३ डीबी वर चढतो. शिवाय रेफरन्सची गळती नेमकी २०० किलोहर्ट्झवर, म्हणजे शेजाऱ्याच्या चॅनेलमध्ये जाऊन पडते. म्हणून बँडविड्थ कमी हवी. पण फोनला ५७७ मायक्रोसेकंदांच्या स्लॉटमध्ये काम करायचं असतं आणि मधल्या एक-दोन स्लॉटमध्ये फ्रिक्वेन्सी बदलायची असते. २५ मेगाहर्ट्झची उडी मारून ९० हर्ट्झच्या आत स्थिरावायचं, तर ढोबळमानाने साडेबारा टाइम कॉन्स्टंट लागतात. बँडविड्थ १ किलोहर्ट्झ असेल तर दोन मिलिसेकंद. गाडी गेली! २० किलोहर्ट्झ ठेवली तर १०० मायक्रोसेकंदांत काम होतं. पण बँडविड्थ रेफरन्सच्या एक दशांशाच्या आत ठेवावी असा सर्वसाधारण नियम आहे, त्यामुळे २० ही वरची हद्दच झाली.

चांगल्या इंजिनिअर्सनी इथे 'मधलं काहीतरी' निवडून हात झटकले नाहीत. त्यांनी प्रश्नच बदलला. फ्रॅक्शनल-एन आणलं. १३ मेगाहर्ट्झचा रेफरन्स घेतला की डिव्हायडर ६९च्या आसपास येतो. फेज डिटेक्टर जास्त वेळा चालत असल्यामुळे थोडा नॉइज परत येतो, तरी निव्वळ फायदा मोठा राहतो. दुसरी युक्ती म्हणजे गिअर बदलणं. उडी मारताना चार्ज पंपाचा करंट १६ पट करायचा आणि फिल्टरचा रेझिस्टर एक चतुर्थांश. बँडविड्थ चौपट होते आणि स्टॅबिलिटी टिकते. लॉक झालं की परत अरुंद लूप. बेस स्टेशनमध्ये तर चक्क दोन सिंथेसायझर ठेवत. एक कामावर असताना दुसरा पुढच्या फ्रिक्वेन्सीवर लॉक होऊन बसायचा.

यातलं काहीच फुकट नाही. फ्रॅक्शनल-एनचा स्वतःचा क्वांटायझेशन नॉइज असतो. गिअर बदलताना व्होल्टेजला झटका बसतो आणि तो शमायला वेळ लागतो. दोन सिंथेसायझर म्हणजे दुप्पट खर्च. पण प्रत्येक वेळी किंमत कोण, कुठे मोजतंय हे माहीत असतं. माझ्या मते इंजिनिअरिंग म्हणतात ते यालाच.

आणि प्रत्येकाला घाई असतेच असंही नाही. नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. त्या सगळ्यांचे लोकल ऑसिलेटर एकाच रेफरन्सशी जुळलेले हवेत, नाहीतर सिग्नल एकत्र करून उपयोग नाही. निरीक्षण तासन्‌तास चालतं. तिथे लॉकसाठी थोडा जास्त वेळ गेला तर बिघडत नाही, फेज हलली तर मात्र सगळंच बिघडतं.

आता आपल्या लॅबकडे या. ५६५ किंवा ४०४६ लावायचा, लॉक रेंज आणि कॅप्चर रेंज काढायची, फॉर्म्युल्याशी 'जुळवायची' आणि जर्नलवर सही घ्यायची. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हिरव्या एलईडीचा फोटो, खाली 'पीएलएल लॉक्ड'. किती वेळात? किती जिटरसकट? कुणी विचारत नाही, म्हणून कुणी मोजत नाही.

माझी सूचना साधी आहे. त्याच ४०४६वर फिल्टरच्या चार-पाच व्हॅल्यू घ्या. फंक्शन जनरेटरने इनपुटची फ्रिक्वेन्सी एकदम बदला आणि व्हीसीओचं कंट्रोल व्होल्टेज स्थिरावायला किती वेळ लागतो ते डीएसओवर मोजा. मग रेफरन्सवर ट्रिगर करून पर्सिस्टन्स लावा आणि आउटपुटची कड किती जाड दिसते ते पाहा. प्रत्येक फिल्टरसाठी दोन आकडे. नवीन इक्विपमेंट नको, बजेट नको. जर्नलमध्ये फक्त दोन कॉलम वाढतील. बघा, लूप फार अरुंद केला की कड पुन्हा जाड होते का. झाली तर ती ४०४६च्या व्हीसीओची करामत समजा.

हे एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ओरलला पाठ केलेलं उत्तर देणार नाही. तो उलट विचारेल, "सर, नॉइज कुणाचा? रेफरन्सचा की व्हीसीओचा?" अशा विद्यार्थ्याचे मार्क कापू नयेत, एवढीच एक्स्टर्नलना नम्र विनंती!