पालर पाणी

बाडमेरचे काका सिल्वासात बावीस वर्षं राहिले आणि त्यांनी मधुबन जलाशयाकाठची दुधनी पाहिली नव्हती. आमलीतली खोली, मसाटचा कारखाना आणि दिवाळीला वापी स्टेशन, एवढीच त्यांची दादरा-नगर हवेली. पॉलिएस्टर धाग्याच्या त्या कारखान्यात ते मशीनवर होते, मी हिशेबात. या जूनमध्ये ते कायमचे गावी निघालेत. मला कसंतरीच झालं. म्हटलं, काका, जाण्याआधी एक दिवस मला द्या, आमचा मुलूख दाखवतो.

मेमधला रविवार, सकाळी सहाला निघालो. ते मला भाऊ म्हणतात. आमचं बोलणं हिंदी, मारवाडी, गुजराती, मराठी अशा मिसळीत चालतं, इथे ते मराठीत देतो.

रखोलीच्या पुलावर त्यांनी गाडी थांबवायला लावली. खाली दमणगंगा, मे महिन्यातली, काळ्या खडकांमधून वाट काढणारी. ही कुठून येते, त्यांनी विचारलं. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यातल्या आंबेगावजवळ ती उगम पावते आणि सव्वाशे-एकशेतीस किलोमीटर वाहून दमणला समुद्राला मिळते. काका कठड्याला टेकून बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या भागात लुणी नावाची नदी आहे. ती कच्छच्या रणात जाऊन संपते, समुद्रापर्यंत पोचत नाही. आणि वाटेत बालोतऱ्याच्या पुढे तिचं पाणी खारट होतं. लुणी हे नावच मिठावरून पडलेलं.

दपाडा, सुरंगी मागे पडलं. रस्त्याकडेला डोंगर कापलेला होता, तिथे मी त्यांना आमचा काळा पाषाण दाखवला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून आपल्याकडचा सह्याद्री झाला, तो याच दगडाचा. काकांनी त्यावर हात ठेवला आणि आकलची गोष्ट सांगितली. जैसलमेरपासून सतरा किलोमीटरवर आकल गाव आहे. तिथे उघड्या माळावर झाडांचे ओंडके पडलेत, पण ते लाकडाचे राहिलेले नाहीत, दगडाचे झालेत. सालीच्या रेषा दिसतात, हात लावला की गार दगड. ती झाडं सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीची. आज जिथे सावलीला खेजडी शोधावी लागते, तिथे तेव्हा घनदाट जंगल होतं. खेजडी म्हणजे आपली शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो, ती त्यांच्याकडे गुरांना पाला देते आणि माणसांना सांगरीच्या शेंगा. त्यांच्या डब्यात त्या दिवशी बाजरीची भाकरी आणि केर-सांगरीच होती. खानवेलला चहा घेताना मी करवंदं घेतली. करवंदही केरसारखंच काटेरी झुडूप, त्याचंही लोणचं होतं, हे कळल्यावर त्यांनी दोन वाटे आणखी घेतले.

खानवेलच्या पुढे डोंगर उघडे पडतात. सागाची पानं गळलेली, गवत जळून गेलेलं, साकरतोंड नदीत ठिकठिकाणी नुसते गोटे. मी सहज बोलून गेलो, ‘‘मे महिन्यात आमच्याकडेही वाळवंटच होतं, काका.’’

ते म्हणाले, ‘‘वाळवंटाला असं उगाच नाव ठेवू नका.’’ आवाज शांत होता, पण त्यांना लागलं होतं.

मला तेव्हा पंढरपूर आठवलं. आपल्या भाषेत वाळवंट हा शब्द आधी चंद्रभागेचा आहे. नदीकाठची वाळू, जिथे वारकरी नाचतात, ते वाळवंट. थरच्या मरुभूमीला आपण तोच शब्द वापरतो. हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, मग तुमचा शब्द बरोबर आहे. वाळूखाली पाणी असतंच.

पुढे दहा मिनिटांत ते डोळ्यांनी दिसलं. एका कोरड्या ओढ्यात चार वारली बाया बसल्या होत्या. वाळूत कमरेएवढा खड्डा, तळाशी ओंजळभर पाणी. एक बाई वाटीने ते हंड्यात भरत होती. वाटी रिकामी झाली की थांबायचं, पाणी झिरपू द्यायचं, पुन्हा भरायचं. हा झिरा. रात्री भरतो, म्हणून पहाटे नंबर लावावा लागतो, असं तिने सांगितलं. काका खड्ड्याशी उकिडवे बसले. ‘‘ही तर आमची बेरी आहे,’’ ते म्हणाले.

त्यानंतर ते जे बोलले, त्यासाठी हा लेख लिहितो आहे. मारवाडात पाण्याला तीन नावं आहेत. पावसाचं थेट धरलेलं ते पालर पाणी. खोल विहिरीचं ते पाताळ पाणी, ते बहुतेक ठिकाणी खारं. आणि तिसरं रेजाणी पाणी. काही भागांत वाळूखाली जिप्समचा थर असतो. पावसाचं पाणी वाळूतून उतरतं, त्या थरावर अडतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ओलाव्याच्या रूपात ते वर्षभर वाळूत राहतं. माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद कुंई, म्हणजेच बेरी, खणतात. ओलावा थेंबाथेंबाने तिच्यात सुटतो आणि दिवसाला काही घडे गोड पाणी मिळतं. घराघराजवळ टांका असतो, म्हणजे जमिनीतला झाकलेला हौद. त्याच्याभोवतीचं उतरतं अंगण ते आगोर. पावसाळ्याआधी आगोर झाडून काढतात. त्यावर चपला घालून जायचं नाही, गुरं येऊ द्यायची नाहीत.

हाच जिप्समचा थर एकदा उलटलाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेरमध्ये वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस थोड्या दिवसांत कोसळला आणि कवास गाव बुडालं. शंभराहून अधिक माणसं गेली. पाणी खाली मुरेना, महिनोन् महिने तसंच उभं राहिलं. काका तेव्हा सिल्वासात होते आणि घरचा फोन लागत नव्हता. एवढं सांगून ते गप्प झाले, मीही पुढे काही विचारलं नाही.

आमच्या डोंगरांचं दुखणं वेगळं आहे. काळा पाषाण पाणी पीत नाही, भेगा-फटींत मुरेल तेवढंच. वरची माती पातळ आणि उतार तीव्र. जून ते सप्टेंबर धो धो कोसळलेलं पाणी तासाभरात ओढ्यात आणि दिवसाभरात नदीत जातं. सिल्वासात वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. २ ऑगस्ट १९५४ ला सिल्वासा पोर्तुगीजांकडून मुक्त झालं, तेही अशाच पावसात.  ज्या मुलखाचा इतिहाससुद्धा चिंब आहे, तिथली बाई एप्रिल उजाडला की वाटीने हंडा भरते. सीमेपलीकडे जव्हार-मोखाड्यात तर हे दरवर्षीचं आहे.

दुधनीला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. मधुबन धरणाचा जलाशय समोर पसरलेला. पाणी खूप मागे हटलं होतं, काठाला भेगाळलेल्या गाळाचा रुंद पट्टा. त्या पट्ट्यात जुन्या शेतांचे बांध दिसत होते. धरणाच्या पोटात गेलेली ती शेतं उन्हाळ्यात अशी वर येतात. आम्ही शिकाऱ्यात बसलो. हे पाणी कालव्यांनी गुजरातच्या शेतांना जातं, वापीच्या आणि आमच्या कारखान्यांना जातं, दमणला जातं, आमच्या नळाला येतं. दमणगंगेच्या वरच्या खोऱ्यातलं पाणी बोगद्याने पिंजाळ नदीत नेऊन मुंबईला द्यायची योजनाही कागदावर आहे. काका म्हणाले, ‘‘बावीस वर्षं हेच प्यायलो. बघितलं आज.’’

मग त्यांनी माझ्याकडे पेन मागितलं आणि डब्याच्या कागदावर हिशेब मांडला. शंभर चौरस मीटरचं छत. बाडमेरमध्ये पाऊस पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे त्या छतावर वर्षाला सत्तावीस हजार लिटरच्या वर पाणी. त्यांच्या घरचा टांका त्यावर भरतो आणि घर त्यावर पितं. तेच छत सिल्वासात, दोन हजार मिलिमीटर. दोन लाख लिटर. कागद त्यांनी माझ्या हातात दिला. मी आयुष्यभर आकडेमोड करत आलो, पण हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. माझ्या घराचं छत जवळपास तेवढंच आहे, आणि त्यावरचं पाणी पन्हळीतून थेट गटारात जातं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही टँकर विकत घेतला होता.

चूक कोणा एकाची नाही. भरपूर मिळतं ते मोजायची सवय आपल्याला लागली नाही, मारवाडातल्या माणसांना ती पोटासाठी लावून घ्यावी लागली. पण डोंगरातल्या त्या बाईला सवयीचं कारण सांगून चालणार नाही. तिच्या ओढ्यावर दगड-मातीचे छोटे बांध हवेत. दर पावसाळ्यात ते गाळाने भरतील, म्हणून दर उन्हाळ्यात उपसायला हवेत. ते तिच्या पाड्यातल्या माणसांना विचारून बांधायला हवेत, कारण पाणी कुठे झिरपतं ते त्यांना ठाऊक आहे.

परतताना काकांनी तीनदा बजावलं: पहिल्या पावसाचं पाणी धरायचं नाही, ते वाहून जाऊ द्यायचं, छत धुऊन निघतं. दुसऱ्या पावसापासून धरायचं.

पाऊस यायला अजून तीन आठवडे आहेत. सिल्वासातल्या, वापीतल्या, पालघरातल्या वाचकांना माझं सांगणं आहे, या रविवारी छतावर चढा, ते झाडून घ्या आणि पन्हळीचा नळ गटारातून काढून वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीकडे किंवा बोअरवेलकडे वळवा. प्लंबरला अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी त्याला उद्या सकाळी बोलावलं आहे.